लाल छत्री आणि पाठमोरी शर्यत

ग्वाल्हेरचा माणूस नाव वल्हवतो म्हटलं की लोक हसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. आमच्या शहरातल्या नदीत कागदाची होडीसुद्धा धड चालायची नाही. तरी आमच्या कॉलेजात नौकानयनाचा संघ होता, आणि मी त्यात होतो. चौघे वल्हवणारे आणि आमच्याकडे तोंड करून सुकाणू धरणारा पाचवा, कॉक्स. सकाळी पाचला फूलबागेपाशी जमायचं, दोन मोटारसायकलींवर पाच जणांनी तिघऱ्याच्या धरणावर जायचं, दीड तास वल्ही मारायची आणि येताना दौलतगंजात कचोरीसारखी गरम बेडई हाणायची. बेडईच्या शर्यती असत्या तर पहिला नंबर आम्ही कुणाला सोडला नसता.

बाबांना हे सगळं रिकामटेकडं वाटायचं. त्यांच्या डोक्यात माझी बँकेची परीक्षा होती, आणि तिचा क्लास नेमका सकाळी सहाचा.

"तोंड जिकडे, माणूस तिकडे," ते म्हणायचे. "तुझं तोंड पाण्याकडे. मग बँकेत कसा पोचणार तू?"

हे त्यांचं आवडतं वाक्य. रस्ता ओलांडण्यापासून मुलीच्या लग्नापर्यंत ते सगळीकडे चालायचं.

त्यात हंगामाची सुरुवात मी स्वतःच्या हातांनी बुडवली. भोपाळच्या पहिल्या शर्यतीत माझं वल्हं पाण्यात अडकलं, हातातून सुटलं आणि आम्ही शेवटचे आलो. परतीच्या गाडीत झाशीपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही. झाशीला कॉक्स चहा घेऊन आला. "पी ले यार," म्हणाला, "अगली बार चप्पू मत छोड़ना." मला रडूच आलं. चहा गरम आहे म्हणून वेळ मारून नेली.

त्यानंतर आम्ही वेड्यासारखी मेहनत केली. थंडीत बोटं वाकायची नाहीत, तळहाताची सालं निघायची. दुसऱ्या शर्यतीत तिसरे आलो. मी पदक घरी नेलं तर बाबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि आईच्या हातात दिलं.

"शेवटची शर्यत इथेच आहे ना, तिघऱ्याला? मी येतो. माझ्या डोळ्यांनी बघतो, मग ठरवू पुढच्या वर्षी नाव की क्लास. तोवर विषय बंद."

मला खरंच धडकी भरली. पदकाचं काही नाही, ते असतं किंवा नसतं. पण पुढचं वर्ष पाण्याविना काढायचं ही कल्पनाच सहन होईना.

शर्यतीच्या दिवशी संघाबरोबर मी आधी गेलो. बाबा मागून येणार होते. अंतिम रेषेपाशी तंबू होता, खुर्च्या होत्या, अख्खं कॉलेज तिथे लोटलं होतं. आम्ही नाव घेऊन दूर सुरुवातीच्या टोकाला आलो तर काठावर एकच माणूस उभा. हातात आईची लाल छत्री, कारण त्यांची स्वतःची मोडली होती. बाबा.

मला वाटलं, भेटायला आलेत, आता जातील पलीकडे. ते जाईनात. आरामात उभे राहिले. आणि नाव सुटायच्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आम्ही चौघे वल्हवणारे त्यांच्याकडे तोंड करून बसलो होतो. तोंड जिकडे, माणूस तिकडे! म्हणजे शर्यत त्यांच्या दिशेने येणार असा त्यांचा पक्का हिशेब होता. वल्हवणारा पाठमोरा पुढे जातो, हे मी घरी कधी सांगितलंच नव्हतं.

सांगायला आता वेळ नव्हता. शिट्टी झाली आणि आम्ही माझ्या वडिलांपासून भराभर लांब जाऊ लागलो.

लाल छत्री क्षणभर जागीच थबकली. मग हलली. आणि मग धावायला लागली. बाबा, जे बस सुटली तरी धावत नाहीत, ते काठाकाठाने धोतऱ्याच्या झुडपांतून आमच्या मागे धावत होते. मला हसू फुटलं.

"नज़र नाव में रख बे!" कॉक्स ओरडला.

पण त्याच्या खांद्यावरून मला ती छत्री दिसतच होती. ती लहान होत गेली, पण थांबली नाही. मग मीही थांबलो नाही. छाती फुटायची वेळ आली तरी वल्हं सोडलं नाही. बाजूची नाव आधी आमच्या बरोबरीला होती. मग तिचा कॉक्स दिसला, मग तिचं पुढचं टोक दिसलं, म्हणजे ती मागे पडली. भोंगा वाजला आणि कॉक्स पाण्यात हात आपटत रडायला लागला. आम्ही पहिले आलो होतो.

बाबा पंधरा मिनिटांनी पोचले. चपलेत चिखल, सदऱ्याला काटे.

"झालं?"

"झालं. पहिले आलो, बाबा."

त्यांनी माझे सोललेले हात हातात घेतले आणि बराच वेळ धरून ठेवले. मला विचारायची हिंमत होत नव्हती, तरी विचारलं, "मग काय ठरलं?"

बाबांनी छत्री मिटली. "ठरणार कसं? मी बघितलं कुठे अजून? पुढच्या वर्षी यावं लागेल परत."