काकांची गुलाबी दारू

मी आबकारी खात्यात इन्स्पेक्टर होतो आणि दारूला कधी तोंड लावलं नव्हतं. वडिलांचे एक स्नेही, ज्यांना मी काका म्हणत असे, यावरून मला नेहमी टोचत. "अरे, चव ठाऊक नाही आणि दारूचा साहेब!"

शहरातल्या लष्कर नावाच्या भागाच्या टोकाला त्यांची छोटी भट्टी होती. महुआच्या, म्हणजे मोहाच्या, फुलांपासून ते गुलाबी दारू गाळत. पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आलेले. फौज सुटल्यावर त्यांनी हा धंदा धरला. सरदारांच्या घरच्या लग्नात हीच दारू जाई. मसाल्यात काय पडतं, हे घरातल्या थोरल्या मुलाखेरीज कोणाला सांगत नसत.

आमचं संस्थान मध्य भारत या नव्या राज्यात विलीन झालं आणि नवे नियम आले. दारूत काय काय घालतो ते प्रत्येक भट्टीवाल्यानं प्रमाणासह लिहून द्यायचं, मगच परवान्याचा विचार. माझ्याकडचे सगळे फॉर्म पुरे झाले. काकांच्या फॉर्मातला तेवढा रकाना कोरा होता.

"हे नाही लिहायचं, भैया. दुसरं काहीही विचार."

"काका, कोरा राहिला तर परवाना गेलाच समजा."

त्यांनी हुक्क्याची नळी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तू म्हणतोस म्हणून. लिही." जायपत्री, वेलदोडे, खस. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो.

छोट्या भट्ट्या बंद करून एकाच कारखान्याला काम द्यायचं ठरतंय, हे मी त्याआधीच एका मसुद्यात वाचलं होतं. ते मी काकांना सांगितलं नाही. संस्थानच्या नोकरांपैकी नव्या खात्यात कोणाला घ्यायचं, याची यादी निघायची होती. काम अपुरं असल्याचा शेरा मला नको होता.

मला घेतलं. काकांच्या भट्टीला सील मीच ठोकलं.

वर्षभरानं इंदरगंजच्या एका दुकानात तपासणीला गेलो. कारखान्याची नवी बाटली उघडली आणि वास ओळखीचा आला. खात्यातून तो कागद बाहेर कसा गेला, हे मी कधी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात काका घरी आले. थकले होते. "तू तुझ्याकडून खूप केलंस रे," ते म्हणाले. "त्यांनाच द्यायचा नव्हता परवाना." मग विचारलं, "आणि तो कागद?"

"कचेरीत आहे, काका. कुलपात."

"मग ठीक," म्हणाले, आणि माझ्या बायकोनं आणलेला चहा बशीत ओतू लागले.