खंजिरी शेकताना

आमच्या गल्लीतल्या बायकांनी भजनासाठी नवी खंजिरी आणली आहे. लाल प्लास्टिकचं कडं, त्यावर ताणून बसवलेला पांढरा पडदा आणि कडेच्या खाचांत चकचकीत चकत्या. परवा एकादशीचं भजन आमच्याकडे होतं, तेव्हा शेजारच्या सूनबाईंनी ती कौतुकानं माझ्या हातात दिली. "आजी, हिला शेकायची कटकट नाही बघा. पावसाळ्यातसुद्धा वाजते." मी ती उलटीसुलटी करून पाहिली, बोट मारून पाहिलं. आवाज बरा होता. वास मात्र नव्या बादलीला येतो तसला. मी ती परत दिली आणि टाळ घेऊन बसले. पण दुपारभर माझं लक्ष अभंगात नव्हतं. शेकायची कटकट नाही, हे शब्द डोक्यात ठाण मांडून बसले होते.

वाद्यांतही मानपान असतो. गाणाऱ्याच्या गळ्याचं लोक नाव काढतात, मृदंगावर थाप पडली की माना डोलतात, एकतारीलासुद्धा कुणी भाविक हार घालतो. खंजिरी म्हणजे वीतभर लाकडी कडं, एका बाजूनं चामडं मढवलेलं, कडेला पितळी चकत्या. पोर रडलं तर हातात देऊन गप्प करावं, असलं वाद्य. ती कधी सुरू झाली आणि कधी थांबली, हे भजनाहून घरी परतणाऱ्या दहा जणांना विचारलं तर एकालाही सांगता यायचं नाही. निजामाचं राज्य जाऊन दोन-चार वर्षं झाली असतील. जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या अलीकडे आमचं गाव होतं आणि तिथल्या एकतारी भजनात आमच्या घरातले खंजिरी वाजवायचे. त्यांचं नाव मी तेव्हा कधी घेतलं नाही, आता घेऊन काय करू. कुणाच्या घरी भजन झालं की यजमान गाणाऱ्या बुवांना नारळ द्यायचा, मृदंगवाल्याला नारळ द्यायचा, आणि यांच्या हातावर सगळ्यांबरोबर खोबऱ्याचा तुकडा पडायचा. यांना त्याचं काही नव्हतं. मला होतं. नवीन लग्न होऊन आलेली मी; आपल्या नवऱ्याला चारचौघांत नारळ मिळावा, एवढी हौस कुठल्या बाईला नसते?

एकदा मी तसं बोलून दाखवलं. हे जात्याच अबोल. भाकरीचा घास संपवून म्हणाले, "गाणाऱ्याला दम घ्यावा लागतो का न्हाई? तो कव्हा घेतला, ते लोकायला कळू द्यायचं न्हाई. एवढंच काम हाये माझं. त्याला नारळ कशापायी?" पुढच्या भजनाला मी बायकांत बसून तेवढंच ऐकत राहिले. खरोखरच ओळ संपायची, बुवांची छाती वर यायची, आणि नेमक्या त्या जागी चकत्यांची बारीक सळसळ उठून पुढच्या ओळीपर्यंत पोचवून द्यायची. लहानपणापासून मी भजनं ऐकत आले होते आणि हे एवढं मला कधी ऐकू आलं नव्हतं. संगीतातलं मला फार कळत नाही. पण तेव्हापासून कुठलंही गाणं कानावर पडलं की मागं कोण बसलंय ते मी आधी शोधते.

चामड्याचा स्वभाव मात्र हवेवर जाणारा. गारठा पडला की ते सैल होतं आणि बद्द बोलायला लागतं. म्हणून भजनाला निघण्याआधी खंजिरी शेकावी लागे. दिवेलागणीला माझ्या भाकरी होत आल्या की हे चुलीपुढं बसायचे, निखारे पुढं ओढायचे आणि खंजिरी त्यावर धरून सावकाश फिरवायचे. मधूनच अंगठ्यानं ठोकून कानाशी न्यायचे. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, घरात आम्ही दोघंच. दिवसभरात आमचं जे काही बोलणं व्हायचं ते या वेळेला. तुरीला फूल किती लागलं, गाय आटायला आली, कुणाच्या सोयरिकीत काय बिनसलं. संसार म्हणून मला जे आठवतं ते एवढंच आहे. तापलेल्या चामड्याचा आणि गोवरीच्या धुराचा वास त्यात मिसळलेला असायचा.

एका हिवाळ्यात असंच बोलता बोलता जळका वास आला. परातीतून मान वर न करता मी म्हणाले, "अहो, चामडं जळू राह्यलं बघा." यांनी घाईनं खंजिरी मागं घेतली, उजेडात धरली, फुंकर मारली. "न्हाई की. बराबर हाये," म्हणाले. वास येतच राहिला. मग मी पाहिलं. खंजिरी यांच्या उजव्या हातात होती. डावा हात यांनी चुलीच्या तोंडाशी टेकवला होता आणि त्याची करंगळी निखाऱ्यावर होती. मी तो हात धरून ओढला. यांनी बोटाकडे पाहिलं, ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं.

"कव्हापासून?" मी विचारलं.

"ही दोन बोटं दिवाळीपासून झोपल्यात. वाटलं, होतील बराबर."

मला त्या वेळी काय वाटलं, असं पुढं मुलीनं एकदा विचारलं होतं. काही वाटलं नाही. मी बोटाला तूप लावलं, चिंधी बांधली आणि तव्यावरची भाकरी उलटली. पुढचे कित्येक महिने मी अशीच होते. हाताखालची कामं होत होती आणि आतपर्यंत काही पोचत नव्हतं.

जालन्याच्या सरकारी डॉक्टरांनी टाचणी टोचून, कापूस लावून बघितलं. गावात त्या दुखण्याला, महारोगाला, रगतपिती म्हणत. डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला नाही. म्हणाले, आता औषध निघालंय, गोळ्या नेमानं खा, रोग पुढं सरकणार नाही. बोटांत जाणीव येईल की नाही, ते सांगता येत नाही, येईलही. आम्ही गावात पोचण्याआधी बातमी पोचली होती. वाईट कुणी बोललं नाही. बुवा आले, अंगणातच उभे राहिले. "हाताला आराम पडू द्या, मंग या," म्हणाले. मी पाणी पुढं केलं तर तहान न्हाई म्हणाले.

त्या एकादशीला देवळातलं भजन आम्ही अंगणात बसून ऐकलं. खोटं कशाला सांगू, ते फसावं असं मला मनापासून वाटत होतं. ते फसलं नाही. चांगलं रंगलं. खंजिरीवाचून कुणाचं काही अडत नाही, हे आम्ही दोघांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं. ओळ संपली की बुवा दम घ्यायचे तेवढी रिकामी जागा ऐकू येत होती, आणि तिथं हे आपल्या मांडीवर बोट टेकवत होते. त्यानंतर खंजिरी मी शेकायला लागले. ती घेऊन जायचं कुठंच नव्हतं, तरी शेकायची.

संक्रांत झाल्यावर माझे वडील आले. माझं माहेर वाटूरचं, म्हणजे चांगली लांबची वाट. आल्या आल्या म्हणाले, "बाई, कपडे भर. उभं आयुष्य पडलंय तुझं." हे आतून बाहेर आले. "घेऊन जा आबा. माझं बिलकुल काही म्हणणं न्हाई." ते इतक्या शांतपणे म्हणाले की वडीलच खाली बसले. बराच वेळ चंचीतली सुपारी चाळवत राहिले. शेवटी म्हणाले, "पाडव्याला येतो. तवर हातात जान येऊ राह्यली तर राह्य. न्हाई तर माझ्यासंगं चालायचं."

मला जायचं नव्हतं. प्रेमापोटी म्हणावं तर तसंही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. पण वाटूरला जाऊन, भाकरी झाल्यावर, मी बोलणार कुणाशी होते?

मग आमचा नवा नेम सुरू झाला. निखारे पुढं ओढायचे, यांनी डोळे मिटून डावा हात पसरायचा आणि डॉक्टरांनी दाखवलं तसं मी कापसाची वात बोटांना लावायची. कळलं की यांनी सांगायचं. डॉक्टर उलटसुलट लावत. मला ते जमायचं नाही. मी आपली अंगठ्यापासून ओळीनं जायची. कळलं, कळलं, कळलं. मग शेवटच्या दोन बोटांना काहीच नाही. भाजलेली जखम सुकली, नखाजवळ नवी कातडी आली, गोळ्या चालू होत्या, आणि ती दोन बोटं रोज गप्प. मी वात विझल्या दिव्यात टाकून उठायची. यांनी "काय वाटतं तुला?" असं कधी विचारलं नाही.

पाडवा उद्यावर आला. त्या संध्याकाळीही मी वात लावली. कळलं, कळलं, कळलं. चौथ्या बोटाला काही नाही. वात करंगळीकडे नेताना माझा हात मधेच थांबला. उद्या वडील येणार, आज शेवटचं, आणि यांचं गप्प राहणं मला ऐकवणार नव्हतं.

"कळलं," हे म्हणाले.

डोळे घट्ट मिटलेले. वात अजून हवेत होती.

"कुठल्या बोटाला?" मी विचारलं.

"करंगळीला."

"बराबर," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वडील आले. फरक पडू राह्यला, असं मी सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा यांच्याकडे, आणि जेवून ते एकटेच परत गेले. पुढं गोळ्यांनी रोग थांबला. बोटं काही जागी झाली नाहीत. भजनाला कुणी बोलावलं नाही आणि हे आपण होऊन गेले नाहीत. आम्ही पुष्कळ वर्षं एकमेकांजवळ राहिलो. त्या संध्याकाळचा विषय मात्र निघाला नाही.

हे खोटं बोलले आणि मी ते झाकलं, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. परवा ती प्लास्टिकची खंजिरी वाजत होती, बायका पुढच्या ओळीवर जात होत्या, तेव्हा लक्षात आलं. कितीतरी संध्याकाळी मी त्याच क्रमानं, त्याच चालीनं बोटांवरून गेले होते. करंगळीला वात कधी लागते, हे डोळे मिटूनही यांना पाठ असणार. यांनी "कळलं" म्हटलं त्या जागी ती लागायलाच हवी होती. यांचा ठेका चुकला नव्हता. उशीर मला झाला होता.