माधवनगरच्या माताजी

माधवनगरच्या विजयमाला चौगुलेला खोटं बोलता येत नव्हतं, ही तिची मोठी अडचण. बोलायला गेली की एकाला एक आणि दुसऱ्याला भलतंच सांगून बसायची. सात वर्षांच्या ब्राह्मीचे केस गेले तेव्हा तिनं साताऱ्याच्या नणंदेला टायफॉइड सांगितला, शेजारच्या हरणाबाईला उष्णता सांगितली आणि शाळेच्या बाईंना, काय सुचलं कोण जाणे, उवा सांगितल्या. खरं कारण मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. रक्ताचा कॅन्सर. औषधं दोन-अडीच वर्षं चालतील, पोरगी बरी व्हायची आशा चांगली आहे, पण तिला दुसऱ्याच्या आजारापासून जपा. कांजिण्या झालेल्या पोराच्या तर वाऱ्यालाही उभी करू नका, जिवावर बेतेल.

विजयमालानं सगळं ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर नवऱ्याला बजावलं, "त्यो शबुद आपल्या घरात काढायचा न्हाई. पोरीच्या कानावर गेला तर बघा. भ्यानंच मरंल ती."

अजितकुमार मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला होता. स्वभावानं गाय. तो म्हणाला, "बरं."

आता हरणाबाईचं ऐका. या बाईचा जीव धर्मात आणि कान शेजारच्या भिंतीला. उष्णतेवर तिचा काडीचा विश्वास बसला नव्हता, म्हणून तिनं कुंपणावरून पाळत ठेवली. पोरगी जुन्या धोतराचा पांढरा झगा घालते. दुसरं कापड अंगाला टोचायचं, म्हणून. तोंडाला फडकं. पाणी गाळून उकळलेलं. कच्चं काही खायचं नाही, बाहेरचं खायचं नाही, कुणी शिवायचं नाही. औषधानं पायांतलं बळ गेलेलं, त्यामुळं खाली बघत एकेक पाऊल जपून टाकते. ते चालणं बघून हरणाबाईला भरून आलं. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जैन मुनी महाराज चालतात, तस्संच की हे! त्यात नाव ब्राह्मी, पहिल्या तीर्थंकरांच्या, आदिनाथांच्या लेकीचं, जिनं सगळ्या बायकांच्या आधी दीक्षा घेतली. आणि डोक्यावर केस नाही. केशलोच! दीक्षा घेणाऱ्यांसारखे पोरीनं आपल्या हातानं उपटले असणार, दुसरं काय?

साल होतं पंच्याण्णव. नुकताच गावोगाव गणपती दूध प्यायला होता, त्यामुळं माणसं काहीही मानायच्या तयारीतच बसलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरणाबाई नारळ घेऊन दारात आली आणि साध्वीला घालावं तसं लोटांगणच घातलं. "वंदामि माताजी!"

ब्राह्मीचं तोंड आतून आलेलं होतं, बोलायची सोय नव्हती. तिनं हात वर करून 'जावा इथनं' अशी खूण केली. हरणाबाईला आशीर्वाद मिळाला. वर मौनही असल्याचं कळलं. ती डोळे पुसत घरी गेली आणि दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं.

विजयमालाला तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. पण सांगायचं काय? "त्या शबदापरीस माताजी बरी," ती अजितकुमारला म्हणाली. तो म्हणाला, "बरं."

आणि गंमत अशी, की हे खोटं तिला लय कामाला आलं. लेकराला लांबून बघा म्हणून पाव्हण्यांच्या विनवण्या केल्या तरी ते गाल ओढायला धावायचेच. माताजींना मात्र शिवायचं नसतं, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक. तिनं ओट्याला आडवी दोरी बांधली. माणसं दोरीपलीकडं हात जोडून उभी राहायची, खोकला आला तर रस्त्यावर जाऊन खोकायची. एवढी शिस्त दवाखान्यातसुद्धा नव्हती.

मग त्या गोळ्या सुरू झाल्या, भूक लावणाऱ्या आणि डोकं फिरवणाऱ्या. ब्राह्मीचं तोंड भोपळ्याएवढं झालं. लोक म्हणाले, तेज आलंय. तिनं रागानं आमटीची वाटी अंगणात भिरकावली. लोक म्हणाले, त्याग! हरणाबाईनं ती वाटी पदरात घालून नेली आणि देव्हाऱ्यात ठेवली. विजयमालाच्या घरात एक वाटी कायमची कमी झाली.

एकदा दिवस मावळल्यावर पोरगी कांदाभजीसाठी हटून बसली. ज्या घरात कांदा उंबरा ओलांडत नव्हता आणि दिवेलागणीनंतर कुणी घास तोंडात घालत नव्हतं, त्या घरात कांदाभजी! शाळेच्या पुढ्यात गाडा लागायचा, तिथला वास तिच्या डोक्यात बसलेला. अजितकुमार चाचरत म्हणाला, "आगं, पण धर्म..."

"धर्माला म्हणावं, बस जरा. आधी माझी पोर जेवू दे."

तो पिशवीत तोंड लपवून कांदे घेऊन आला. खिडक्या लावून, डोळ्यांतून पाणी गाळत तिनं भजी तळली आणि ब्राह्मीनं ताट चाटूनपुसून साफ केलं. सकाळी हरणाबाई कुंपणापाशी नाक वर करून उभी. "काल वास कसला गं येत हुता?"

"औषधाचा, अक्का."

"आयुर्वेदिक असंल," हरणाबाई म्हणाली.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. ब्राह्मीलाही अंगवळणी पडलं होतं. अंगात ताकद असली की ती ओट्यावर यायची, डोळे अर्धे मिटायची, हात वर करायची. कुणाची परीक्षा, कुणाचा मोडलेला माग, कुणाची न ठरणारी सोयरीक. फडक्याआड ती हसते आहे हे फक्त विजयमालाला दिसायचं, आणि तेवढं हसू बघायला ती आणखी दहा खोटी बोलली असती.

एका रविवारी बुधगावची मनुबाई आली. काखेत शालीत गुंडाळलेला नातू. गर्दी सारून ती पुढं आली, दोरीखालून वाकून थेट ओट्यावर चढली आणि म्हणाली, "माताजी, लेकराला ताप हाय वो, हात फिरवा." तिनं शाल बाजूला केली. पोराचं तोंड, मान, छाती, सगळीकडं पाण्यानं भरलेले फोड.

ब्राह्मीनं सवयीनं हात पुढं केला.

विजयमाला किंचाळली. "मागं हो! मागं हो बये, कांजिण्या हायत त्या! शिवू नको तिला! माताजी न्हाई, काय न्हाई ती! कॅन्सर झालाय माझ्या लेकीला, कॅन्सर! मारतीस काय तिला?"

तिनं ब्राह्मीला उचलून उंबऱ्याच्या आत टाकलं. मनुबाई नातवाला पोटाशी धरून मागच्या मागं पळाली ती थेट रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहिली, आणि तिथूनच, "माफ कर गं माय, मला न्हाई ठावं," म्हणून रडायला लागली. बाकीचे जागच्या जागी थिजले. एकानं आपण वाहिलेला नारळ उचलला, मग शरमून परत ठेवला.

हरणाबाईनं विचारलं, "आन उष्णता?"

बघता बघता अंगण रिकामं झालं.

विजयमाला दार लावून आत वळली, तेव्हा तिला कळलं की आपण काय बोलून बसलो. ब्राह्मी भिंतीला टेकून उभी होती. तिनं घाईघाईनं काहीतरी जुळवायला घेतलं, "आगं, त्ये मी त्या बाईला घालवायला..."

"मला ठाऊक हाय," ब्राह्मी म्हणाली.

"काय ठाऊक हाय?"

"कॅन्सर. दवाखान्यात भिंतीवर मोठ्या अक्षरात लिवलंय की. आमच्या वॉर्डात सगळ्यांस्नी त्योच हाय."

विजयमाला मटकन खाली बसली. "मग माझ्यापाशी बोलली का न्हाईस गं बाळा?"

"तू आत्याला टायफॉइड सांगितलास, अक्कांना उष्णता सांगितलीस. मला वाटलं, तुलाच कुणी खरं सांगितलं न्हाई. म्हणून मी गप बसले. तुला भ्या वाटलं असतं."

पोरगी सावकाश एकेक पाऊल टाकत आली आणि आईला चिकटून बसली.

"आता तुला कळलंच हाय, तर सांगू?" ती म्हणाली. "मला लय भ्या वाटतंय गं आई."