विष्णू दळवींची हाक

विष्णू दळवींनी वयाची बावन्न वर्षं कुणालाही मोठ्याने नावाने हाक न मारता काढली होती. हे जमवायला नशीबही थोडं लागतं. इचलकरंजीच्या घरात ते सगळ्यात धाकटे. त्यामुळे समोर येईल तो दादा, अक्का किंवा तात्या. लग्न झाल्यावर बायको, प्रभाताई, म्हणजे 'अगं', आणि फारच निकड असेल तर 'ऐकलंस का'. जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात बावीस वर्षं ते गिअरबॉक्स तपासत आले. तिथे सगळे हेर अमुक आणि फ्राऊ तमुक, तेही हळू, कारण बोलण्यापेक्षा गिअरबॉक्स काय म्हणतोय ते ऐकायचं असतं. मुलीला बोलवायचं तर ते उठून तिच्या खोलीपर्यंत चालत जायचे. "तेवढाच व्यायाम," म्हणायचे.

लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा ते असं काही पुटपुटले, की पहिल्या रांगेतल्या मामांनी शेजाऱ्याला विचारलं, "जावईबापूंनी पाणी मागितलं का?"

मुलगी अवनी शिकायला ड्रेस्डेनला गेली आणि घर इतकं शांत झालं, की फ्रिजची घरघर सोबतीला वाटू लागली. एका रविवारी विष्णू म्हणाले, "कुत्रा आणू या."

प्रभाताईंच्या डोळ्यांसमोर सोफ्यावर मावेल असं काहीतरी आलं. विष्णूंनी निवडला आयरिश वुल्फहाउंड. इंजिनिअर माणूस, सगळ्यात मोठं मॉडेल बघितल्याशिवाय दुकानातून निघत नाही.

पिल्लं विकणाऱ्या फ्राऊ ब्रांट नियमाच्या पक्क्या होत्या. एका वेताच्या सगळ्या पिल्लांचं आद्याक्षर एकच, यंदाचं 'सी'. आणि जात आयरिश, तेव्हा नावही आयरिशच. ते आठ दिवसांत कळवा, म्हणजे कागदपत्रं होतील.

"बरं झालं बाई," प्रभाताई म्हणाल्या. "आपलं नाव ठेवलं असतं तर ते तुमच्याकडच्या कुणाचं तरी निघालंच असतं. मग पुढच्या लग्नात जेवायला कुठे बसायचं?"

विष्णूंनी एक्सेल शीट केली. अर्थ, उच्चार, किती लांबवर ऐकू जाईल, आणि शेवटचा रकाना 'हिला आवडेल का'. 'काहल' बाद झालं, कारण त्याच्या स्पेलिंगमध्ये दोन अक्षरं नुसती बसून होती. "वापरायचीच नाहीत तर बसवली कशाला?" 'कॉर्मॅक' प्रभाताईंना पाण्याच्या पंपाची कंपनी वाटली. इचलकरंजीहून रमेशदादांचा मेसेज आला: 'मोती ठेव आणि विषय संपव.' शेवटी अवनीने फोनवर, नेहमीसारखं मराठी ऐकून घेत आणि जर्मनमध्ये उत्तर देत, निकाल लावला: कॉनल. लांडग्यासारखा बलवान, असा त्याचा अर्थ सांगतात.

नाव ठरलं. विष्णूंनी ते कागदावर सुबक अक्षरात लिहिलं, आणि पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही.

तशी गरजही पडली नाही. कॉनल त्यांच्या पायातच घोटाळायचा. 'चल', 'ए', किंवा जिभेचा एक टक् आवाज, एवढ्यावर संसार चालला होता. आठ महिन्यांचा होईपर्यंत तो एवढा वाढला, की मान न उचलता डायनिंग टेबलावर हनुवटी टेकवायचा.

"कॉनल! मेल्या, ती पोळी ठेव खाली!" प्रभाताईंच्या आवाजाने तो निमूट मागे सरायचा. पोळी मात्र जायचीच.

खरी अडचण तळमजल्यावर राहत होती. घरमालक हेर विटमान यांनी कुत्र्याला सहा महिन्यांपुरती परवानगी दिली होती. पुढे त्यांची अट: अंगणात पट्टा सोडायचा, आणि हाक मारताच कुत्रा आला पाहिजे. एवढं धूड ऐकत नसेल, तर ते या इमारतीत राहणार नाही. हाक मारायची भाडेकरारावर सही असलेल्या माणसाने. म्हणजे विष्णूंनी.

"मी मारते की," प्रभाताई म्हणाल्या.

"तुमची सही नाही," हेर विटमान म्हणाले.

त्या रात्री विष्णू जेवले नाहीत. कॉनल परत गेला तर या घरात पुन्हा फ्रिजच बोलणार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून ते आंघोळीच्या वेळी नळ सोडून 'कॉनल, कॉनल' असं घोकू लागले. बाहेर दाराशी बसलेल्या कॉनलला ते ऐकूही जायचं नाही.

शनिवारी सकाळी दहा वाजता सगळे अंगणात जमले. हेर विटमान फाटक लावून फाइल घेऊन उभे. पट्टा सुटला. कॉनल रमतगमत थेट विटमानांच्या गूजबेरीच्या झुडपाकडे गेला आणि तिथला वास मन लावून वाचू लागला.

"ए," विष्णू म्हणाले.

काही नाही.

"अरे, ऐकलंस का?"

कॉनलने मागचा पाय वर केला. हेर विटमानांनी पेनचं टोपण काढलं.

दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत तोंडावर हात दाबून उभ्या असलेल्या प्रभाताईंना राहवेना. "अहो," त्या दबक्या आवाजात ओरडल्या, "नाव घ्या, नाव!"

हे वाक्य विष्णूंना सव्वीस वर्षांपूर्वीही ऐकू आलं होतं, कपाळावर मुंडावळ्या असताना. तेव्हा निभावलं होतं. आज मामा नव्हते, विटमान होते.

त्यांनी डोळे मिटले. "कॉनल!"

छपरावरची कबुतरं उडाली. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. कॉनलने चमकून मान वळवली. आपल्या माणसाच्या पोटात एवढा मोठा आवाज असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. पाय खाली आला, आणि पन्नास किलोंचा ऐवज तीन ढांगांत अंगणाच्या या टोकाला पोचला. विष्णू गवतावर उताणे, वर कॉनल, चष्मा कुठे ते नंतर शोधायचं.

हेर विटमानांनी घड्याळ पाहिलं. "आल्झो, तर मग. शनिवार, सकाळचे दहा. या वेळी एवढा आवाज चालतो." आणि सही केली.

वर येऊन विष्णू स्वयंपाकघरात खुर्चीवर टेकले. शर्टाची पाठ हिरवी झाली होती. प्रभाताई पाठमोऱ्या चहाचं बघत होत्या. त्यांच्या पायाशी कॉनल.

"प्रभा," विष्णू म्हणाले.

त्या वळल्या नाहीत. या आवाजात हे नाव त्या घरात कधी आलंच नव्हतं. कुणीतरी फोनवर बोलतंय असंच त्यांना वाटलं. कॉनलने मात्र कान टवकारले.

"प्रभा." या वेळी जरा मोठ्याने.

त्या गर्रकन वळल्या. हातात गाळणं तसंच. "काय झालं? कुठे लागलंय का?"

"नाही. बघत होतो, येतेस का ते."

प्रभाताई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मागे दूध फसफसत वर आलं आणि शेगडीवर उतू गेलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. कॉनलचं होतं.