बाहेरून कडी

माझ्या पहिल्या नाटकात मी नायिकेला खोलीत कोंडलं, बाहेरून कडी लावली, आणि ती कडी काढायचा प्रसंग लिहायला विसरलो.

हे माझ्या लक्षात आलं ते खेळाच्या वेळी, खामगावचं सगळं गाव समोर बसलेलं असताना. आत कोंडलेली नायिका म्हणजे आमच्या नाटकमंडळीतली वहिनी. वहिनीला भरदार आवाज होता, बिडीचं व्यसन होतं आणि कापसाच्या बाजारात दलाली होती. खरं नाव शामराव. पण विशीत असताना त्याने एका नाटकात मोठ्या वहिनीचं काम असं काही केलं, की गावाने त्याला त्या नात्यातून पुन्हा बाहेर पडू दिलं नाही. गाडीवान गाडी उभी करून विचारायचे, “वहिनी, आज भाव काय?” आणि वहिनी बिडी कानामागे खोचून सौद्याला उभा राहायचा.

सौदा रुमालाखाली व्हायचा. दलाल आणि गाडीवाला हातावर रुमाल टाकून बोटं धरणार. तोंडाने पावसापाण्याच्या गप्पा आणि भाव बोटांनी. वहिनी नाट्यशास्त्र शिकला ते या रुमालाखाली. “तोंडानं नाही म्हणते, पन बोट सोडत नाही. तो माणूस विकनार,” असं तो सांगायचा. माझं नाटक त्याला वाचून दाखवायला घेतलं तेव्हा मला याचा प्रसाद मिळाला. नायिकेचा विलाप मी चांगला तीन पानं लिहिला होता. वाचताना माझेच डोळे भरून आले. वहिनीने बिडी विझवली.

“मास्तर, ही बाई इतकं सांगून काऊन राह्यली?”

“तिला दुःख झालं आहे.”

“मंग होऊ द्या ना. सांगते कायले?”

मी शाळामास्तर. नाटकातलं पात्रही वर्गात उभं राहून उत्तर देतं अशी माझी समजूत. मी म्हणालो, “लोकांना कळायला नको?” तो म्हणाला, “लोकं रुमाल पाह्यत नाहीत मास्तर, हात पाह्यतात.” मी विलापात आणखी अर्धं पान वाढवलं.

त्या वर्षी मात्र वहिनी स्त्रीपार्ट करणार नव्हता. मुलीचं लग्न शेगावला ठरत होतं. “व्याह्याच्या मांडवात कोनी ‘वहिनी’ म्हणून हाक मारली, त पोरीनं तोंड कुठं लपवावं? या वर्षी मले माणसाचं काम द्या,” एवढंच त्याचं मागणं. मी दिलं. दुष्ट नवरा त्याला, आणि नायिकेसाठी पोस्टातला एक नाजूक कारकून शोधला. तालमी झाल्या. खोलीचं दार म्हणजे दोन खुर्च्या, आणि कडी लावल्याचा “खट्” असा आवाज मी तोंडाने काढायचो. विलाप संपला की कारकून खुर्च्यांमधून चालत बाहेर यायचा. कोणालाही काही खटकलं नाही.

खेळाच्या दुपारी न्हावी वस्तरा परजून बसला आणि कारकुनाचे वडील साखरखेर्ड्याहून नाटक बघायला म्हणून येऊन दारात उभे राहिले. पोराच्या ओठावर साबण पाहून ते शांतपणे म्हणाले, “मी जित्ता हाये अजून. मिशी कोणाच्या नावानं काढायलास?”

बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत, हे शेंबड्या पोराला ठाऊक. नायिका निवडताना मी तिचा गळा पाहिला, कंबर पाहिली. बाप पाहायचं राहिलं. सगळे वहिनीकडे बघू लागले. त्याचा बाप तो पाळण्यात असतानाच वारला होता.

“समजलं का आता,” वहिनी न्हाव्यासमोर बसत म्हणाला, “मी इतकी वर्षं बाई काऊन हाओ? आमच्या मंडळीत पोरका मी एकटाच.” मग त्याने तोंड वस्तऱ्यापुढे केलं. आमचं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताच्या दावणीला होतं आणि साध्या अर्जालाही नागपूरकडे तोंड करून बसावं लागायचं; पण त्या दुपारी वहिनीइतकं बांधलेलं मी काही पाहिलं नाही.

नवऱ्याचं काम माझ्यावर आलं. म्हणजे आडून वाक्यं सांगणारा मीच रंगमंचावर. शिवाय हौसेने जिनिंगच्या गोदामाचं खरंखुरं दार आणून बसवलेलं, कडीसकट. तीन बाजूंना भिंती, बाहेर पडायला तेवढी एकच वाट. मी गरजलो, बाहेर पडलो, खाडकन कडी लावली, आणि मगच उमगलं की पुढच्या प्रवेशात ही बाई विहिरीवर हवी आहे.

एका दुपारात विलाप पाठ होणं शक्य नव्हतं. मी फटीतून कुजबुजलो, “म्हणा, ‘हे दैवा’.” वहिनीने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. त्याने दार एकदा हलकेच ढकलून पाहिलं. मग खुंटीवरचा माझा कोट काढला, झटकला, घडी घालून ठेवला. पुन्हा दाराशी आला, फळीवर तळहात टेकला आणि साध्या आवाजात म्हणाला,

“अहो, ऐकता का? भाकरी शिंक्यावर झाकून ठेवली आहे. उपाशी निजू नका.”

बायकांच्या बाजूला बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत. मी दुष्ट नवरा होतो, लेखक होतो, सगळं विसरलो. माझा हात गेला आणि मी कडी काढली. त्यानंतर जे हुंदके सुरू झाले ते पडदा पडला तरी थांबेनात. गाव म्हणालं, “मास्तर, नवरा विरघळतो तो प्रसंग काय लिहिला आहे.” मी मान लववली. वहिनी लुगडं सोडत होता. “हे शेवटचं,” तो म्हणाला. “आता मले नावानं हाक मारा.” आम्ही सगळ्यांनी शपथा घेतल्या.

लग्न शेगावला झालं. गाडीवानांनी, हमालांनी, पेटीवाल्या करीमभाईंनी, सगळ्यांनी शब्द पाळला. “शामराव, इकडं या,” “शामराव, पान घ्या.” तो ताठ फेटा बांधून, पुन्हा वाढवलेल्या मिशीवर बोट फिरवत व्याह्यांशेजारी उभा होता. अक्षता पडल्या. पंगतीची घाई झाली आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून मी, वर्गात ओरडायच्या आवाजात, हाक मारली, “वहिनी, पानं मांडू का?”

सनईवालासुद्धा थांबला. व्याह्यांनी फेट्याखालचा चेहरा नीट न्याहाळला. मागून विहीणबाई पुढे आल्या.

“अव माय, शिंक्यावरच्या भाकरीवाल्या वहिनी त्या तुम्हीच का? माही बहीण तुमचं नाटक पाहून दोन दिवस जेवली नाही.”

व्याह्यांनी हात जोडले, हसले, आणि म्हणाले, “चला वहिनी, पानावर.” त्या दिवसापासून शेगावलाही तो वहिनीच.

वहिनीने मिशीवरचा हात खाली घेतला. व्याह्यांमागोमाग पंगतीकडे जाताना माझ्यापाशी क्षणभर थांबला आणि करीमभाईंना म्हणाला,

“या मास्तरच्या तोंडाले बाहेरून कडी लावा कोनी. अन् काढायचं त्यालेच सांगा, म्हणजे तो इसरून जाईन.”