‘नाही’ची वेलांटी

दूध वर येऊ लागलं होतं आणि हे न्हाणीघरातून टॉवेल मागत होते, तेवढ्यात दारावर थापा पडल्या. एक-दोन नाही, सात-आठ. उघडलं तर भिंतींवर जाहिराती रंगवणारे वेलांटीभाऊ. कानातून रक्त येत होतं, शर्टाची बाही फाटून लोंबत होती.

“वहिनी, जरा आत घ्या,” ते म्हणाले, आणि एवढ्या घाईतही चपला काढायला वाकले.

त्या वाकण्यानंच घात केला. मागून आलेल्या शिंप्यानं कापड मोजायचा लोखंडी गज सपकन घातला. उंबऱ्यावर टेकलेलं भाऊंचं उजवं मनगट मोडलं. आवाज मला नीट ऐकू आला. आत दूध उतू जात होतं.

हा शिंपी बारा वर्षं माझे ब्लाउज शिवतोय, मान वर करून कधी बोलला नाही. त्यानं भाऊंना कॉलरला धरून पायऱ्यांवरून फरफटत आमच्या रस्त्याकडच्या भिंतीपाशी नेलं.

“वाच. तुझंच अक्षर आहे ना? मोठ्यानं वाच.”

“तुंबलेली मोरी दोन मिनिटांत मोकळी,” भाऊ म्हणाले.

“पुढं.”

“हाताला अपाय नाही.”

“ऐकू नाही आलं.”

प्रत्येक ‘नाही’ला त्यानं त्यांचं कपाळ भिंतीवर आपटलं. तिसऱ्या खेपेला पिवळ्या रंगावरून लाल ओघळ उतरला. हे टॉवेल गुंडाळून तसेच धावले आणि शिंप्याच्या कमरेला मिठी घालून त्याला मागे खेचलं. त्या झटापटीत त्याचं कोपर यांच्या ओठावर बसलं.

“सोडा साहेब,” शिंपी म्हणाला. “काल दुपारी आमच्या हिनं ही पावडर मोरीत टाकली. उसळून वर आली. कोपरापर्यंतची कातडी सुटली, मोजा काढावा तशी. काजं करायची ती. टाका दिसायचा नाही. आता चमचा धरवत नाही.”

“मग कंपनीला धर ना.”

“कंपनी कुठं राहते, सांगा. डब्यावरचा पत्ता मुंगीएवढा. याची वेलांटी मला कोपऱ्यावरून ओळखू येते.”

ते खोटं नव्हतं. मिशीला पीळ द्यावा तशी भाऊ दुसरी वेलांटी काढायचे, म्हणून तर ते नाव पडलं. जुलाबाची साथ आली त्या वर्षी त्यांनी चौकात पुरुषभर उंचीची अक्षरं लिहिली होती, ‘पाणी उकळून प्या’. डॉक्टरांचं न ऐकणाऱ्या माझ्या सासूबाई दुसऱ्याच दिवसापासून पाणी उकळू लागल्या. म्हणाल्या, “एवढं मोठं लिहिलंय, म्हणजे काही विचार करूनच लिहिलं असेल.” त्या ‘पाणी’वर आणि आमच्या भिंतीवरच्या ‘नाही’वर वेलांटी एकच. वाचणाऱ्यानं दोन्हींवर सारखाच विश्वास टाकला.

आमची भिंत रंगवली त्या दिवशी कंपनीच्या माणसानं आणलेल्या कागदावर ओळ होती, ‘हातमोजे घातल्यास हाताला अपाय नाही’. मध्ये आमची खिडकी. ओळ मावेना.

“पहिले दोन शब्द गाळा,” तो म्हणाला. “अर्थ तोच.”

भाऊंचा ब्रश हवेत थांबला. “तोच कसा, साहेब?”

“तुम्ही रंगाचं बघा. अर्थाचं आम्ही बघतो.”

मी चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होते. भाषा विषय घेऊन बी. ए. झालेली बाई. अर्थ तोच राहत नाही, हे मला चांगलं कळलं होतं. पण जाहिरातीच्या बदल्यात घराला आतून-बाहेरून रंग मिळणार होता. मी एवढंच म्हणाले, “भाऊ, खिडकीच्या चौकटीला रंग लागू देऊ नका.”

त्यांनी तो लागू दिला नव्हता.

दवाखान्यात यांनी विचारलं, “पोलिसात नाव द्यायचं का?” कपाळाला टाके घालून घेता घेता भाऊ म्हणाले, “त्याला आत टाकलं तर तिला पाणी कोण पाजणार?”

चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा थाप पडली. या वेळी एकच. दारात भाऊ, उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात पत्र्याची पट्टी. मागे रस्त्यावर दोन बायका आमची भिंत वाचत होत्या. रक्त वाळून वेलांटी तपकिरी झाली होती, अक्षरं मात्र ठसठशीत. त्यातली एक मला म्हणाली, “ताई, ही पावडर कुठल्या दुकानात मिळते हो?”

“घेऊ नका ती,” मी म्हणाले.

“का? चांगलं लिहिलंय की.”

यांना बाहेरचं सगळं ऐकू आलं असावं. सुजलेल्या ओठांनी ते आतून म्हणाले, “दोन वर्षं भिंतीला हात लावायचा नाही, असं आपण कंपनीला लिहून दिलंय.”

भाऊंनी तेही ऐकलं. आज त्यांनी चपला काढल्या नाहीत.

“वहिनी, भिंत तुमची आहे,” ते म्हणाले. “तेवढी ओळ मला खरवडू द्या.”