जोड्यांचं गणित ऐकायला

पांढुर्ण्यातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी वंदना दर महिन्याच्या एका शनिवारी पॅसेंजर धरून नागपूरला जाई, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. कशाला जाते, याबद्दल मात्र जितकी तोंडं तितक्या गोष्टी. खरं कारण कुणाच्या डोक्यात आलंच नाही, आणि गल्लीचा त्यात दोष तरी काय? विद्यापीठात गणिताची व्याख्यानं होतात, मोठमोठी माणसं फळ्यावर टिंबं काढून ती रेघांनी जोडतात, आणि ते ऐकायला एक बाई नरखेड-काटोल पार करून जाते, हे कोण मानेल? व्याख्यान इंग्रजीत, निम्मं तिच्या डोक्यावरून जाई. उरलेलं ती परतीच्या गाडीत चघळत बसे. कोणत्या टिंबावरून कुठं पोचता येतं आणि कुठं अडतं, याचं तिला वेडच लागलं होतं.

वेड चांगलंच, पण वय एकोणतीस. लग्नाचा विषय निघाला की ती उठून जाई, आणि थोरली बसली की धाकटी अडते, हा आमच्याकडचा कायदा. धाकट्या रजनीला मोहगावचं चांगलं स्थळ सांगून आलं होतं. मुलाकडचे संक्रांतीपर्यंतच थांबणार होते. रजनी बहिणीला एका शब्दानं बोलली नाही, आणि वंदनाला तेच जास्त टोचत होतं.

त्या शनिवारी सकाळी जेवताना वंदना सहज बोलून गेली, की आज मुलामुलींच्या जोड्या जुळवण्याच्या नियमावर व्याख्यान आहे. वडील केशवराव सरकी-ढेपेचे दुकानदार. त्यांनी घाईनं हात धुतला, धुवट धोतर नेसलं, आणि दोघी मुलींच्या पत्रिका पिशवीत घालून तिच्याआधी स्टेशनवर हजर. विद्यापीठातला एवढा मोठा माणूस जोड्या जुळवतो, तर आपलं त्याच्या कानावर घालायला काय हरकत? वंदनानं वाटेत परोपरीनं समजावलं. त्यांनी मान डोलावली, पण पिशवी काही सोडली नाही.

पुण्याहून आलेल्या प्राध्यापकांनी फळ्यावर डावीकडे मुलींची टिंबं काढली, उजवीकडे मुलांची. जिला जो चालेल, त्याच्याकडे रेघ. मुलींचा कोणताही गट घ्या, त्या गटाला मिळून चालणारी मुलं गटाहून कमी नसली, तर प्रत्येकीला आपल्या पसंतीचा मुलगा मिळतोच. केशवरावांना इंग्रजी कळत नव्हतं, फळा कळत होता. अडलं तिथं वंदना कानात सांगे. शेवटी कुणाला काही विचारायचं आहे का, असं म्हटल्यावर केशवराव उभे राहिले. वंदनाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"सर, थोरलीची रेघच नसन, तिले लगनच नाही करायचं, तं धाकटी अडते का?"

कुणीतरी फिसकन हसलं. प्राध्यापक हसले नाहीत. मराठीत म्हणाले, "सगळ्यांच्या जोड्या होणार नाहीत. पण थोरली-धाकटी असा क्रम या नियमात नाहीच. तिला काढून टाका, बाकीच्यांचं काहीच अडत नाही." आणि डावीकडचं एक टिंब, थोरलीचं म्हणून, त्यांनी डस्टरनं पुसून टाकलं.

वंदना वडिलांकडे बघतच राहिली. तिनं कधी तोंडानं सांगितलं नव्हतं ते त्यांना ठाऊक होतं तर! पत्रिका पिशवीतून बाहेर निघाल्याच नाहीत.

गाडीनं काटोल सोडलं. मग वंदनाच म्हणाली, "बाबा, मले खरंच नाही करायचं लगन. मले हेच शिकत राहायचं आहे."

रजनीसाठी मोहगावला होकार कळवून टाकू, असं ते म्हणाले आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले. वंदनाला हायसं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली, की बाबा आता आपल्यावर कायमचे रुसणार.

"मी कवाचा विचार करून राहिलो," केशवराव म्हणाले. "मानूस हुशार हाय. पण त्यानं तुवं टिंब पुसलं, ते मले पटलं नाही. रेघ नसली म्हणून का झालं? फळ्यावर ऱ्हाऊ द्याले पाहिजे होतं."